मागची डावी सीट

बाबांनी गाडीचं सस्पेन्शन बदलायला घेतलं, तोवर यंदाही गणपतीला गावी जायचं नाही हे आईने नक्की केलेलं होतं. मला ते माहीत होतं, बाबांना नव्हतं. ते धरून चालले होते की आईला यायचंय आणि पाठ तिला येऊ देत नाही.

पाठीचं दुखणं खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गावाहून परतताना गोवा हायवेवर एका खड्ड्यात गाडीचं मागचं चाक आपटलं आणि आईच्या कमरेतली गादी सरकली. डिकीत तांदळाची गोणी होती, नारळाच्या गोण्या होत्या, वर काकींचे कोहळे होते. गाडी मागून इतकी बसली होती की पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते आणि समोरून येणारे ट्रकवाले वैतागून डिपर मारत होते. आईच्या तोंडून आवाज आला नाही. तिने फक्त माझं मनगट धरलं आणि विक्रोळीला काका-काकी उतरेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर बरेच महिने पट्टा, व्यायाम, गरम पाण्याची पिशवी असं चाललं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आई गणपतीत चारकोपच्या घरी राहिली. मला ऑफिसातून रजा मिळाली नव्हती, म्हणून मीही घरी होते. आई कांदिवलीच्या एका बालवाडीत शिकवते. जूनपासून तिला सलग मिळणारी पहिली सुट्टी म्हणजे गणपतीची, आणि ती दर वर्षी गावच्या स्वयंपाकघरात जायची. गेल्या वर्षी तिने ती झोपून काढली. दुपारी जेवण झालं की पंखा मोठा करायची आणि आडवी व्हायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा मोदक खाताना ती मला म्हणाली, "पुढच्या वर्षी पण नाही जाणार मी."

"पाठ बरी झाली तरी?"

"बरी कशाला होतेय," ती म्हणाली आणि मोदकावर आणखी तूप मागून घेतलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. मला तशी सवयच नाही. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरी मराठी, गावी गेलं की मालवणी ऐकायची. या सगळ्यात मी लहानपणीच गप्प राहायला शिकले. लोकांना ते चांगल्या वळणाचं लक्षण वाटतं.

गावच्या घरातला गणपती बाबा आणि काका, दोघा भावांचा. एक वर्ष काकांची पाळी, एक वर्ष आमची. ज्याची पाळी, त्याच्या घरातल्या बाईने नैवेद्य करायचा, मोदक वळायचे, भजनाला येणाऱ्यांच्या उसळीचं बघायचं. दुसरी मदतीला असतेच, पण जबाबदारी पाळीवालीची. गेल्या वर्षी काकांची पाळी होती, त्यामुळे आईवाचून अडलं नाही. काकींनी फोनवर एवढंच ऐकवलं होतं, "तुझं बरं आहे बाई, तुला पाठ आहे." यंदा पाळी आमची होती. म्हणून बाबा पाठीच्या मागे लागले.

रेल्वेचं रिझर्वेशन उघडतं आणि मिनिटभरात भरून जातं, त्यामुळे तो विचार कुणी करत नाही. गाडीच न्यायची. आणि गाडी जुनी, मी सातवीत असताना घेतलेली. ती विकून नवीन घ्या असं काका दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी तिच्यातच बसून गावी येतात.

बाबांचा सिद्धांत सोपा होता. गाडी मागून बसते, म्हणून दणके बसतात. ती बसायची थांबली की दणके थांबतील. दणके थांबले की आई येईल. ते रोज संध्याकाळी जेवणाआधी व्हिडिओ बघायचे आणि इंग्रजीतलं काही अडलं की मला बोलवायचे. मी वाचून दाखवायचे. जास्त वजन पेलणाऱ्या स्प्रिंगबद्दल बरंच काही लिहिलेलं होतं, त्यात गाडी रिकामी असली की ती कडक लागते असंही होतं.

"रिकामी कशाला असेल?" बाबा म्हणाले. "गावाहून कोण रिकामं येतं?"

आई पलीकडे कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळ्यांच्या मागच्या रांगेत एक गॅरेज आहे. गॅरेजवाला आमच्या गावापासून एक खाडी ओलांडली की लागणाऱ्या गावचा. तेवढ्यावर बाबांचा त्याच्यावर विश्वास आहे. एरवी बाबा ऑफिसात आणि सोसायटीत नीट छापल्यासारखं मराठी बोलतात. त्याच्यासमोर उभे राहिले की त्यांचा आवाजच बदलतो.

"भरल्यावर मागसून लागता मां?" त्याने डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी दाबून बघितली.

"लागता म्हणजे? गेल्या टायमाक हिची आई खाटेक खिळली."

"मग ओरिजिनल टाकून काय करतलास? परत बसतला." मग माझ्याकडे बघून त्याने शहरी मराठी सुरू केली. "मॅडम, पप्पांना सांगा, मागे हेवी ड्युटी स्प्रिंग टाका. चारी शॉकअप गॅसचे. टेन्शन खल्लास. गाडी अशी उभी राहील की शेजारी विचारतील नवीन घेतली काय."

"आईला त्रास नको व्हायला," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं हे एकमेव वाक्य.

"आई कुठे बसतात?"

"मागे. डाव्या बाजूला," बाबा म्हणाले.

"मग पुढे बसवा ना त्यांना. मागच्या चाकावर बसलं की लागणारच. तरी स्प्रिंग टाकाच, तो विषय वेगळा."

बाबांनी गाडीच्या पुढच्या दाराकडे बघितलं. "पुढे दादा बसतो," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने मान डोलावली. त्याला लगेच पटलं. मलाही त्या क्षणी त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे मी नंतर नोंदवून ठेवलं. आमच्या गाडीत बाबा चालवतात, त्यांच्या शेजारी मोठे काका, मागे उजवीकडे काकी, मध्ये मी आणि डावीकडे आई. दीर पुढे असताना आईने पुढे बसायचं कुणाच्या मनात आलं नसतं, आईच्याही नाही. त्यापेक्षा गाडीच्या खालचं सगळं लोखंड बदलणं सोपं होतं.

गाडी दोन-तीन दिवस लिफ्टवर होती. बाबा ऑफिसातून परस्पर तिकडे जायचे. काढलेले शॉकअप त्यांनी मला फोटो काढून पाठवले. एकातून तेल गळून त्यावर धूळ चिकटून काळी साय धरली होती. खाली लिहिलं होतं, "हे बघ. यावर आपण इतकी वर्षं बसत होतो." मी तो फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "केवढं मनावर घेतलंय यांनी," आणि बराच वेळ फोन हातात धरून बसली.

गाडी घरी आली ती खरंच उंच दिसत होती. मागून तर इतकी, की ती पुढे वाकून काहीतरी शोधतेय असं वाटावं. वॉचमनने तिला एक फेरी मारली. रविवारी सकाळी बाबांनी आईला चक्कर मारायला खाली बोलावलं. पुढची सीट मोकळी होती, तरी त्यांनी मागचं डावं दार उघडून धरलं.

"तुझ्या जागेवरच बस. तिथलंच बघायचंय."

आई बसली. मी तिच्या शेजारी. सेक्टरमधल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी टुणकन उडाली. दुसऱ्याला आईने पुढच्या सीटची पाठ धरली. बाबा आरशातून तिच्याकडे बघत होते, त्यामुळे तिसरा त्यांना दिसलाच नाही.

"उडतेय जरा," आई म्हणाली.

"जरा?"

"थोडी जास्त."

मी आईकडे बघितलं. तिला दुखत होतं हे तिच्या ओठांवरून कळत होतं, पण त्याखाली सुटल्यासारखंही काहीतरी होतं. तिच्या पाठीची बाजू गाडीने घेतली होती. ती आता काही न बोलता घरी राहू शकत होती. बाबांनी तिथूनच गाडी गॅरेजकडे वळवली.

गॅरेजवाला रविवारचा दाढी करून, मासे घ्यायला निघालेला होता. हातात पिशवी. त्याने काच खाली करायला लावून आत बघितलं, आईला नमस्कार केला आणि हसला.

"रिकामी आहे ना ती. ही गाडी आता भरायची गाडी आहे. मागे वजन टाका, बघा कशी लोण्यासारखी चालते."

"जाताना कुठलं वजन?" बाबा म्हणाले. "वजन येताना असतं."

हे ते बोलले आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. बाबांनी सगळा विचार परतीच्या प्रवासाचा केला होता. तांदूळ, नारळ, कोहळे धरून. जाताना डिकीत आमच्या चार बॅगा आणि मोदकपात्र, एवढंच असतं हे त्यांच्या हिशोबात आलंच नव्हतं. गॅरेजवाल्याच्याही आलं नव्हतं. त्याच्या गाडीतही नारळ येतानाच असतात.

"मग जातानापण काहीतरी न्या," तो शेवटी म्हणाला. "रेती न्या. गावात बांधकामाला लागेल कुणाच्यातरी."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. बाबांना तसं वाटलं नाही. आमच्या सोसायटीत तेव्हा खालच्या लाद्या बदलायचं काम चाललं होतं. पुढच्या आठवड्यात बाबांनी कामगारांकडून रेतीच्या दोन गोण्या मागून आणल्या, त्या जुन्या चादरीत गुंडाळल्या आणि डिकीत आडव्या ठेवल्या. वॉचमन उचलायला आला तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, घर बांधताय काय?" बाबा म्हणाले, "नाही, मॅडमची पाठ आहे." वॉचमनने गोणीचं दुसरं टोक धरलं.

आणि गाडी खरंच सुधारली. परत रविवार, परत मागची डावी सीट. सेक्टरमधले स्पीडब्रेकर आले आणि गेले. गाडी खाली जायची, सावकाश वर यायची, आणि तिथेच थांबायची. जिथे गटाराची झाकणं रस्त्याच्या वर आलेली आहेत तिथून बाबांनी मुद्दाम नेली. मग लिंक रोड, मग गोराईच्या खाडीकडे जाणारा रस्ता, जिथे दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी लागते आणि डांबर संपत आलेलं असतं. आई काही धरून बसली नव्हती. तिचे हात मांडीवर होते. बाबांच्या मानेचे स्नायू हळूहळू सैल झालेले मला मागून दिसले. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं आणि आईसाठी भीती वाटली.

जेट्टीच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय?" ते म्हणाले. मागे वळले नाहीत, आरशात बघत होते.

"छान झालीये," आई म्हणाली. "खरंच. पाठीला काही कळलं पण नाही."

"म्हटलं नव्हतं? आता जाताना मध्ये दोनदा थांबायचं. कंबरेला उशी घे. तुला गावाला कसं नेतो बघ."

आई बाहेर बघत होती. कोळणींच्या टोपल्या उतरत होत्या, एक स्कूटर त्यांच्यामधून वाट काढत होती. ती स्कूटर पलीकडे गेली.

"मला यायचं नाहीये," ती म्हणाली.

"अगं, आता तर..."

"पाठीचं नाही म्हणत मी. पाठ बरी आहे. गाडी पण छान आहे. मला यायचं नाही."

बाबा मागे वळले. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मला हे ठाऊक होतं का ते बघायला. मी खिडकीची काच वर-खाली करायचं बटण बघत होते.

"पाळी आहे आपली," ते म्हणाले.

"माहितीये. अठ्ठावीस वर्षं पाळी होती तेव्हाही गेले आणि नव्हती तेव्हाही गेले. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा सुट्टीत झोपले. मला परत झोपायचंय."

"मग हे सगळं करू कशाला दिलंस? स्प्रिंग, शॉकअप... रेती भरून फिरतोय मी, लोक हसतायत."

"तुम्ही मला विचारलंत का? तुम्ही गॅरेजवाल्याला विचारलंत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बालवाडीतल्या मुलांना चप्पल कुठल्या पायात घालायची ते सांगतात तसा होता. बाबा गाडीतून उतरले. मागे गेले, डिकीवर हात ठेवून त्यांनी गाडी एकदा दाबली आणि ती वर येताना बघत राहिले. आम्ही दोघी आत बसून हललो. आईने माझ्याकडे बघितलं नाही. मग ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "दादाला काय सांगू?"

"पाठ सांगा," आई म्हणाली. "तुम्हाला सोपं पडेल."

घरी येताना स्पीडब्रेकर आला की बाबा पूर्वीसारखेच गाडी अगदी हळू करत होते. गरज नव्हती.

त्यानंतर आमच्या घरात अबोला वगैरे झाला नाही. बाबा दोन दिवस कमी जेवले. मग त्यांनी गावी फोन करून वाडीतल्या एका बाईंना नैवेद्याच्या स्वयंपाकाला सांगितलं, आणि रात्रीच्या जेवणाला आईला विचारलं की दहा वाट्या पिठीला पाणी किती घेतात. आईने सांगितलं. मग तिने पिठी कशी ओळखायची, उकड झाकून किती ठेवायची, सारणात गूळ कधी घालायचा, हेही सांगितलं. बाबा लिहून घेत होते. मी यंदा रजा टाकली होती. मला मोदक वळता येत नाहीत, पण कुणीतरी जायला हवं होतं आणि ते मला न सांगता कळलं होतं.

निघालो त्या दिवशी विक्रोळीला काका-काकी गाडीत बसले. काका पुढे, काकी मागे उजवीकडे. मी डावीकडे सरकले होते. मध्ये मोदकपात्र ठेवलं.

"हिची आई कुठे?" काकांनी पट्टा लावता लावता विचारलं. "पाठ अजून?"

बाबांनी गाडी सिग्नलला थांबवली होती. त्यांना उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता आणि त्यांनी तो घेतला.

"पाठ बरी आहे," ते म्हणाले. "तिला यायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे यायचं नव्हतं. घरी राहायचं होतं."

काकांनी समोरच्या काचेतून हायवेकडे बघितलं. पनवेल मागे पडलं. मग ते म्हणाले, "गाडी झकास केलीस रे. कळतच नाही काही." बाबा म्हणाले, "हो, मागे रेती आहे."

चतुर्थीच्या सकाळी मी काकींच्या समोर पाटावर बसले होते. सांगून आणलेल्या बाई चुलीकडे होत्या. माझ्या हातातली पारी सारखी फाटत होती. काकी माझ्या हातातून ती घ्यायच्या, मळून पुन्हा गोळा करून द्यायच्या. रागवत नव्हत्या. कसला तरी विचार चालला होता.

"घरी एकटी काय करत असेल गं ती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"आत्ता, या वेळेला?"

"उठली असेल कदाचित."

"आत्ता?" काकींनी बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि तुझा बाबा काहीच बोलला नाही तिला?"

"नाही. तिलाच विचारून पिठीचं पाणी लिहून घेतलं."

काकी हसल्या, पण ओठ मिटून. त्यांनी पुढची पारी घेतली, अंगठ्याने खोल केली, कळ्या पाडायला लागल्या. एकसारख्या, बारीक. माझ्या पाच होतात, त्यांच्या मोजता येत नाहीत.

"पुढच्या वर्षी आमची पाळी," त्या म्हणाल्या. "माझी तर पाठ पण दुखत नाही. मी काय सांगू?"

मला वाटलं त्या स्वतःशीच बोलतायत. पण त्यांचे हात थांबले होते आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"यायचं नाही, असं सांगायचं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"शिरा पडो तुझ्या तोंडावर," काकींनी लाडाने शिवी हासडली आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधणारे काका पुढच्या खोलीतून डोकावले. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," काकी म्हणाल्या. "नारळ आणा आणखी. सारण कमी पडतला."

काका आणायला गेले. काकींनी मोदकाचं टोक जुळवलं, चिमटीतली जास्तीची पिठी काढून टाकली आणि मोदक केळीच्या पानावर ठेवला. मग त्यांनी पुढची पारी करून माझ्या हातात दिली.